मालिंदीचा खांब आणि एक जुना प्रश्न

दोन महिने इकडे फिरकले नाही, कारण लेकीकडे नैरोबीला गेले होते. पुण्याच्या वन्संनी जिराफांचे फोटो मागितले आहेत, ते मिळतील. आज मात्र मालिंदीबद्दल लिहिते, कारण ते गाव काही डोक्यातून जात नाही.

मालिंदी म्हणजे केनियाच्या किनाऱ्यावरचं जुनं स्वाहिली गाव. नैरोबीहून आगगाडीने मोंबासाला आणि पुढे मोटारीने साधारण सव्वाशे किलोमीटर. वाटेत नारळ, आंबे, काजू. मी जावयांना म्हटलं, उगाच एवढा विमानखर्च केला, मला रत्नागिरीलाच नेलं असतंत! ड्रायव्हरची भाषाही निम्मी ओळखीची निघाली. गाडी म्हणजे ‘गारी’, साबण ‘साबुनी’, औषध ‘दावा’ आणि लाखाला चक्क ‘लाकी’.

मालिंदीच्या अलीकडे पंधराएक किलोमीटरवर गेडी आहे. दाट झाडीत, गोरखचिंचेच्या बुंध्यांमध्ये एक अख्खं गाव ओस पडलेलं आहे. प्रवाळाच्या दगडांच्या भिंती, मोठी मशीद, राजवाडा, खोल विहिरी, आणि सगळीकडे माकडं. सतराव्या शतकात लोक हे गाव सोडून गेले. एका थडग्यावर हिजरी ८०२ हे साल कोरलेलं आहे, म्हणजे इ.स. १३९९. उत्खननात जे सापडलं त्यावरून घरांना नावं दिली आहेत: कात्रीचं घर, कवड्यांचं घर, लोखंडी दिव्याचं घर. तो दिवा भारतातून आलेला मानतात. चिनी मातीच्या बशाही निघाल्या. २०२४ मध्ये युनेस्कोने गेडीला जागतिक वारसा यादीत घेतलं. मी त्या दिव्याच्या घराच्या उंबऱ्यावर जरा टेकले (गुडघे!), आणि तिथेच पहिली टोचणी लागली. हा दिवा इथवर आणला कोणी?

संध्याकाळी मालिंदीला समुद्रात घुसलेल्या खडकावर वास्को द गामाचा खांब पाहिला. पांढरा, निमुळता, टोकाला क्रॉस. फोटो काढायला गर्दी होती. मी बाजूला उभी राहून मनात तारखा जुळवत होते. गामा इथे एप्रिल १४९८ मध्ये आला. त्याच्या ताफ्यातल्या एकाने लिहिलेली रोजनिशी आहे. तिच्यात म्हटलं आहे की बंदरात हिंदी व्यापाऱ्यांची चार जहाजं आधीच उभी होती. पोर्तुगीजांना ते लोक ख्रिस्ती वाटले. ते गोमांस खात नाहीत, हेही त्याने टिपून ठेवलं आहे! पुढे वाटाड्या मिळेना म्हणून गामाने राजाचा माणूस अडकवून ठेवला, तेव्हा वाटाड्या आला. नंतरचा एक बखरकार तो गुजराती मुसलमान होता असं सांगतो. २४ एप्रिलला निघून २० मे रोजी कालिकत. नैऋत्य वारा पाठीशी होता.

परतताना मात्र वारा फिरण्याची वाट न पाहता ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच हे लोक गोव्याजवळच्या अंजदीव बेटावरून निघाले. आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून तीसेक माणसं गेली. जहाजं चालवायला माणसं पुरेनात म्हणून पुढे एक जहाज जाळून टाकलं.

आता माझी गोष्ट. मराठी माध्यमातून बीए केलेली मी बाई, कोकणातल्या शाळेत इतिहास आणि भूगोल दोन्ही विषय माझ्याकडे. भूगोलाच्या तासाला मोसमी वारे शिकवले, फळ्यावर बाण काढले. इतिहासाच्या तासाला ‘वास्को द गामाने भारताचा सागरी मार्ग शोधला’ हे वाक्य पाठ करून घेतलं. दोन्ही तास एकाच दिवशी असायचे कधी कधी. मी ते कधी जोडले नाहीत.

एका मुलाने जोडले. त्याचे वडील मचव्यावर तांडेल होते. तो उभा राहून म्हणाला, “बाई, त्याला वाट सापडली की कोणी दाखवली? बाबा म्हणतात, वारा ठाऊक असलेला माणूस लागतो.” वर्ग हसला. तपासणी जवळ आलेली, धडा संपवायचा होता. मी म्हटलं, पुस्तकात आहे तेवढं लिही. तो पुन्हा काही बोलला, तसं त्याला बाहेर उभं केलं.

पुढे बरीच वर्षं तेच वाक्य मी फळ्यावर लिहीत राहिले.

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो आहे. आता पन्नाशी ओलांडली, स्वतःची होडी आहे. मालिंदीहूनच त्याला खांबाचा फोटो पाठवला आणि लिहिलं, तुझा प्रश्न बरोबर होता, मी चुकले. दोन दिवसांनी उत्तर आलं.

“बाई, प्रश्न काय विचारला ते आठवत नाही. बाहेर उभं केलंत ते आठवतं. तिकडे वारा कसा आहे?”

मी खिडकी उघडून बघितलं आणि कळवलं.