किनारा ज्यांचा, तेच दोरीच्या बाहेर

मागच्या हिवाळ्यात आमच्या सिंधुदुर्गातल्या एका किनाऱ्यावर जलक्रीडा महोत्सव होता. मी बातमीसाठी गेलो होतो. मंडप, स्पीकर, कयाक, पोहण्याच्या शर्यती, सगळं झकास. दोरीच्या बाहेर रापणीच्या होडीवर बसून पाच-सहा पोरं बघत होती. मच्छीमारांचीच. एकाला विचारलं, "तू नाय उतरलंस?" तो हसला. "काका, आमका कोण घेतलो?"

मी फोटो काढले, बातमी दिली. 'महोत्सवाला उदंड प्रतिसाद'. खोटं काही नव्हतं, पण ते पोरगं बातमीत कुठेच नव्हतं. ती चूक माझी.

खरं तर त्याला कुणी हाकललं नव्हतं. नोंदणी ऑनलाइन, वर फी, डॉक्टरचा दाखला, गॉगल, टोपी. निरोप शहरातल्या क्लबांना गेला, शेजारच्या वाडीत आलाच नाही. लाट कधी फुटते हे या पोरांना बरोबर कळतं, पण फॉर्म कुठे भरायचा ते कोण सांगणार?

मुलींचं तर आणखी कठीण. कपडे बदलायला धड आडोसा नसेल तर कुठली आई पाठवील? आणि व्हीलचेअरवरच्या मुलाला मऊ वाळूतून पाण्यापर्यंत कोण नेणार? मालवणच्या चिवला बीचवरच्या सागरी जलतरण स्पर्धेत दिव्यांग जलतरणपटूही उतरतात. म्हणजे मनात आणलं तर होतं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात जायबंदी झाले आणि 1972 च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. आपल्याला उदाहरण शोधायला लांब जायला नको.

रापणकरांचंही ऐका. रापण किनाऱ्यावरून ओढतात, त्यासाठी मोकळी वाळू लागते. नेमका तिथेच मंडप पडला तर त्यांचा दिवस बुडाला. तारीख ठरवण्याआधी एकदा विचारायला काय जातं?

फार खर्चाच्या गोष्टी मागत नाही. वाडीतल्या मुलांसाठी एक बिनफीची छोटी शर्यत ठेवा. नोंदणी शाळेतून घ्या. लाइफ जॅकेट, गॉगल आयोजकांनी द्यावेत. आधी दोन-तीन रविवार सराव घ्या, कारण घरच्या समुद्रातही माणूस बुडतो. भरती-ओहोटी बघून वेळ ठरवा. बचावासाठी स्थानिक होड्या घ्या आणि त्यांना रीतसर भाडं द्या. मुलींसाठी बंदिस्त खोली, व्हीलचेअरसाठी वाळूवर फळ्यांची वाट. बस्स.

1997 साली आपला जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हा जन्मलेली पोरं आज कर्ती झाली. त्यातली कितीतरी पर्यटकांना लाइफ जॅकेट बांधून देतात. कामात कमीपणा नाही. पण त्यांच्यातून जीवरक्षक, प्रशिक्षक, खेळाडूही निघायला हवेत, आणि त्याची सुरुवात दोरीच्या आत येण्यापासून होते.

हिवाळा येतोय, ठिकठिकाणी महोत्सवांच्या बैठका सुरू होतील. तुमच्या गावात बैठक असेल तर एवढंच विचारा, आमच्या वाडीतली किती मुलं पाण्यात उतरणार? उत्तर काय मिळालं ते मला कळवा. या वेळी बातमी तिथून सुरू करीन.