दोन रांगांची शाळा

शाळा भरते तीच मुळी दोन रांगांत. परिपाठाला मुलगे इकडे, मुली तिकडे. हजेरीपटावर आधी मुलगे, मग मुली. कित्येक शाळांत तर मुलींचे क्रमांक एक्कावन्नपासून सुरू होतात. मुलगे स्काऊटला, मुली गाईडला. गणवेशाचं कापड एकाच ताग्यातलं, पण शिवण दोन तऱ्हांची. यात कुणाचा दुष्टावा नाही. पाचशे मुलं सांभाळायची तर कुठून तरी वाटणी करावी लागते, आणि ही वाटणी सर्वांत सोपी. बहुतेकांच्या ती लक्षातही येत नाही. ज्या एखाद्याला टोचते, त्याला मात्र दिवसातून दहादा टोचते.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे मुलं काय बोलतात यापेक्षा कशी बोलतात इकडे माझा कान असतो. आठवीत एक मूल होतं, हजेरीपटावर मुलगा म्हणून नोंदलेलं. उशीर झाला की दारात उभं राहून ते ‘आलो’ म्हणत नसे आणि ‘आले’ही म्हणत नसे. ‘यायला उशीर झाला, बाई,’ एवढंच. ‘जातो’ऐवजी ‘घरी जायचंय.’ वही दाखवताना ‘लिहून झालंय.’ समापन कर्मणी प्रयोग आमच्या मुलांच्या डोक्यात शिरता शिरत नाही. या मुलाच्या तोंडी तो सहज येई. सकर्मक क्रियापदांचा भूतकाळ त्याच्या विशेष आवडीचा. ‘मी धडा वाचला’, ‘मी गणित सोडवलं’, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं, बोलणाऱ्याकडे बघत नाही. आपण मराठी माणसं तोंड उघडलं की पुरुष की बाई ते सांगून मोकळे होतो. हे पोर दिवसभर एकेक वाक्य चाचपत बोलत होतं, आणि वर भूगोलाची उत्तरंही देत होतं.

अशा वेळी शिक्षकाला पहिली ऊर्मी येते ती विचारण्याची. बाजूला घ्यावं, पाठीवर हात ठेवावा आणि ‘नक्की काय आहे सांग’ म्हणावं. मायेनेच येते ही ऊर्मी. पण तेरा वर्षांच्या मुलाकडे या प्रश्नाचं उत्तर असेलच असं नाही, आणि असलं तर ते आपल्याला द्यायला बांधील नाही. मी विचारलं नाही. ‘झालं का तुझं?’, ‘तुला काय वाटतं?’, ‘कविता कोण वाचतंय?’ असं मीही बोलू लागले. मराठीत तेवढी सोय आहे. पुढे कधी तरी त्याचा हात वर येऊ लागला. पुढची कहाणी त्याची आहे, ती मी सांगणार नाही. दहावीपर्यंत ते शाळेत टिकलं, एवढं सांगते.

टिकणं ही साधी गोष्ट नाही. गॅदरिंगला नऊवारी नेसून लावणी करणाऱ्या मुलाला वन्समोअर मिळतो, प्रमुख पाहुणे खिशातून बक्षीस काढून देतात. सोमवारी तोच मुलगा जिन्यातून उतरला की मागून टाळी वाजते. ‘बायल्या’, ‘छक्का’. मंचावर जे चालतं ते जिन्यात चालत नाही. मुलींचं थोडं वेगळं. केस कापलेली, कबड्डीत रमणारी मुलगी सहावीपर्यंत घराचं कौतुक असते. मग एक दिवस ‘आता पुरे’ होतं आणि वेण्या येतात. मुलं हे सारं घरीदारी शिकतात, आणि आमच्याकडूनही. ‘मुलीसारखा रडतोस काय’ हे वाक्य मैदानावर मोठ्या माणसाच्याच तोंडचं असतं. मधल्या सुट्टीत मुतारीत गाठलं जाईल या धास्तीने काही मुलं पाणीच पीत नाहीत, आणि आम्ही पालकसभेत ‘पोरं डबा-पाण्याकडे लक्ष देत नाहीत’ अशी तक्रार करतो.

कागदावर पाहिलं तर फार काही मागायचं उरलेलं नाही. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या संरक्षणासाठी झालेल्या 2019 च्या कायद्याचं तेरावं कलम सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांना सांगतं की, भेदभाव न करता या विद्यार्थ्यांना इतरांच्या बरोबरीने शिक्षण, खेळ आणि विरंगुळ्याची संधी द्या. शाळांच्या माहितीसाठी भरायच्या यू-डायस प्रणालीत मुलगा-मुलगीबरोबर तिसरा पर्यायही आहे. आमच्याकडून तिथे शून्य जातं. 2011 च्या जनगणनेत देशात 4,87,803 जणांची नोंद ‘इतर’ अशी झाली, त्यांत सहा वर्षांपर्यंतची मुलंच जवळपास 55 हजार. ती पोरं आमच्यासारख्यांच्याच वर्गांत आली असणार. शून्याचा अर्थ इतकाच की तिथे नाव लागणं अजून कुणाला सुरक्षित वाटत नाही. त्याच जनगणनेत या गटाची साक्षरता 56 टक्के होती, देशाची 74.

2021 साली एनसीईआरटीने शिक्षकांसाठी याच विषयावर एक प्रशिक्षण पुस्तिका काढली. तक्रार झाली आणि थोड्याच दिवसांत ती संकेतस्थळावरून उतरवली गेली. तक्रारीमागची भीती मला पालकसभेतही भेटते: तुम्ही मुलांच्या डोक्यात नसतं भरवता. या भीतीला तुच्छतेने उत्तर देऊ नये. पण आठवीतल्या त्या मुलाच्या डोक्यात कुणी काय भरवलं होतं? आपली वाक्यं त्याने एकट्याने शोधली होती.

करण्यासारखं जे आहे ते बहुतेक मुख्याध्यापकांच्या सहीने होण्यासारखं आहे. हजेरी आडनावाच्या अकारविल्हे लावावी. गणवेशात पँट आणि कुडता दोन्ही सर्वांना खुले ठेवावेत. दिव्यांगांसाठी बांधलेलं स्वच्छतागृह अनेक शाळांत कुलूप घालून ठेवलेलं असतं. ते उघडावं, आणि ज्याला दाराला कडी हवी त्याने ते वापरावं, कारण विचारू नये. चिडवण्याला ‘पोरांची मस्करी’ म्हणणं थांबवावं. जातीवरून हिणवणाऱ्याला जसं समोर बसवतो तसंच इथे बसवावं. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात स्त्री आणि पुरुष दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले. थोडी थट्टा झाली, पण पुस्तक वर्गात शिकवलं गेलं. बदल इतपत साध्या वाटेनेही येतो.

एका बाबतीत मात्र काहीच न करणं महत्त्वाचं. मुलाला न विचारता घरी फोन करू नये. ‘तुमचा मुलगा जरा वेगळाच वागतो’ हे वाक्य आम्ही काळजीपोटी बोलतो, आणि त्याची किंमत त्या संध्याकाळी मूल पट्ट्याखाली चुकवतं. 2019 चा कायदा म्हणतो की, केवळ तृतीयपंथी आहे म्हणून कोणत्याही मुलाला न्यायालयाच्या आदेशाशिवाय आईवडिलांपासून वेगळं करता येणार नाही. पण मार खाऊन रात्रीची गाडी पकडणाऱ्या मुलाला कलमं अडवत नाहीत. घरच्यांशी बोलायचं तर मुलाच्या संमतीने, त्याने सुचवलेल्या आत्याशी किंवा मामाशी आधी, आणि शक्यतो समुपदेशकाला सोबत घेऊन.

शाळेने मूल कोण आहे याचा निवाडा करायचा नसतो. ते ठरवायला त्याच्यापुढे सगळं आयुष्य आहे, आणि ओळखीचा दाखला द्यायला जिल्हाधिकारी आहेत. शाळेकडे त्याहून कामाचा कागद असतो, गुणपत्रिकेचा. 2022 च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्याच्या पोलीस भरतीत तृतीयपंथी उमेदवारांना अर्ज करता येऊ लागला, त्याच्या बातम्या आपण कौतुकाने वाचल्या. शिपाईपदाच्या त्या अर्जाला बारावी उत्तीर्णची अट आहे. नववीत शाळा सोडून सिग्नलवर गेलेल्या मुलाला न्यायालयाचा तो आदेश उपयोगाचा नाही. न्यायालय अर्जात रकाना घालू शकतं. त्या रकान्यापर्यंत मूल पोचवणं आमच्या हातात आहे.