यीस्टची वेळ

‘आम्ही घरी बिअर करतो’ हे विधान सैलच म्हणायचे. आम्ही करतो तो मोड आणून वाळवलेल्या सातूचा गोड काढा. बिअर करते ते यीस्ट. बव्हेरियाच्या १५१६च्या फर्मानात सातू, हॉप्स आणि पाणी आहे. हा खरा कर्ता मात्र अनुल्लेखित. उकळत्या काढ्यात यीस्ट मरते, आणि काढा निववण्यात रेंगाळले तर परके जंतू आधी वस्तीला येतात. एल जातीच्या बिअरसाठी सुमारे २० अंश सेल्सिअसपर्यंत काढा उतरला, की तोच क्षण. आजी विरजण लावण्यापूर्वी दुधात बोट बुडवून पाही; इथे बोटही वर्ज्य, निर्जंतुक केलेला तापमापकच हवा. वेळेवर यीस्ट घालून झाकण लावणे आणि मग दूर राहणे, एवढेच आमचे कर्तृत्व.