थंड प्लग

अब्बांच्या इंतकालानंतर त्यांची यामाहा आरएक्स-१०० आमच्याकडे आली. ही गाडी भारतात १९८५ साली निघाली आणि १९९६ साली बंद झाली. सुरुवातीला तिचे सुटे भाग जपानहून येत आणि इथे जोडले जात. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, अकरा अश्वशक्ती. आमच्या जळगाव जामोदमध्ये विलायती मोटारीचे अप्रूप कुणाला? आमची विलायती शान म्हणजे हीच गाडी. अब्बा हिच्यावरूनच खेड्यातल्या शाळेत जात.

गाडी बरेच महिने उभी होती. प्लग काळा, तेलकट झाला होता. तो मायकोचा. मायको म्हणजे बंगळूरची बॉशचीच कंपनी. २००८ साली तिचे नावही बॉश झाले. दुकानात तो प्लग नव्हता. दुकानदाराने एनजीकेचे दोन पुढे ठेवले, एक पाच नंबरचा, एक आठचा. आम्ही बी.एड. झालेले. आकडे वाचणे काय अवघड? जुन्यावर आकडा लहान होता, म्हणून आम्ही पाचचा उचलला. आटे जुळले, लांबी जुळली, गाडी पहिल्या किकला सुरू झाली. आमची छाती फुगली.

मे महिन्यात अम्मीला आणायला नांदुरा स्टेशनवर गेलो. परतताना पूर्णेचा पूल ओलांडला, थोडे पुढे आलो आणि गाडीने आचके दिले. मागचे चाक जाम झाले. गाडी घसरत रस्त्याच्या कडेला थांबली. अम्मी मागे बसलेली. पडलो नाही, अल्लाहचा करम. भर उन्हात ती बाभळीखाली तासभर बसून राहिली. आम्हाला एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागले.

टेम्पोतून गाडी मिस्त्रीचाचांकडे नेली. चाचांनी प्लग काढून तळहातावर धरला. पांढराफटक, चुन्यासारखा. पिस्टनचा माथा एका बाजूने वितळला होता.

"मास्टर, प्लग किसने चुना?"

"आम्हीच."

चाचा हसले नाहीत. म्हणाले, बॉशमध्ये आकडा लहान तितका प्लग थंड, एनजीकेत आकडा लहान तितका गरम. ठिणगी दोघांची सारखीच. फरक आतल्या चिनीमातीच्या नाकाचा. नाक लांब असले की उष्णता आत साठते, आखूड असले की ती लवकर सिलिंडरच्या डोक्यात उतरते. टोक साधारण पाचशे अंशांपर्यंत तापले तर काजळी जळून जाते. साडेआठशेच्या वर गेले तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटते. मग पिस्टन वाचत नाही. आमचा मामेभाऊ दुबईत गॅरेजात काम करतो. त्यानेही फोनवर हेच सांगितले: जपानी, जर्मन टर्बो गाड्यांची ताकद वाढवली की गिऱ्हाईक महागडा इरिडियम प्लग मागते, पण आधी पाहायचा तो प्लग किती थंड हवा ते.

"ठंडा मतलब कमजोर नहीं," चाचा बोल्ट आवळत म्हणाले. "ज्यादा ताप सहने वाला."

आमची मान खाली गेली. चाचांचा मुलगा आमच्याच वर्गात, सातवीत. दोन महिन्यांपूर्वी पालकसभेत आम्ही चारचौघांत म्हटले होते, "लडका ठंडा है." तेव्हाही चाचा काही बोलले नव्हते. मुलगा सकाळी पाण्याचे कॅन पोचवून शाळेत येतो, हे आम्हाला त्या दिवशी गॅरेजात कळले. चाचांनी नव्हे, शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितले.

सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन बसवले. प्लग चाचांनी निवडला. मजुरी घ्यायला ते तयार नव्हते. अब्बांनी त्यांना अलिफ-बे शिकवले होते. आम्ही पैसे बळेच खिशात घातले आणि पालकसभेतल्या त्या शब्दाबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "मुझे नहीं, उसे बोलो."

जूनअखेर शाळा उघडली तेव्हा आम्ही त्याला वर्गासमोरच ते सांगितले, कारण शब्दही सर्वांसमोरच उच्चारला होता. मुलगा अजूनही फार बोलत नाही. आम्हीही घाई करत नाही.