नगरच्या तटावरची चौकडी

देवळाली प्रवऱ्याच्या एका तरुणाने एडिंबरात पदवीदानासाठी आयुष्यातला पहिला किल्ट शिवायला टाकला. शिंप्याने मांडलेल्या नमुन्यांतून त्याची नजर मॅकेन्झी टार्टनवर ठरली: गडद हिरवी-निळी चौकडी, तीवर पांढऱ्या आणि तांबड्या बारीक रेघा.

ही चौकडी त्याच्या जिल्ह्याने पूर्वी पाहिलेली आहे. ८ ऑगस्ट १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने शिंद्यांच्या ताब्यातील अहमदनगरच्या पेठेला शिड्या लावल्या. चढणाऱ्यांत ७८ वी हायलँडर्स पलटण होती. तटाला आतून फांजीच नसल्यामुळे वर पोचलेल्यांना पाय ठेवायला जागा मिळेना. तरी पेठ पडली. चार दिवसांनी किल्लाही गेला. या पलटणीचा टार्टन मॅकेन्झीच. (सप्टेंबरात हीच मंडळी असईला लढली.)

विशेष असे की, १७४६च्या कायद्याने हा पोशाख खुद्द हायलँड्समध्ये निषिद्ध ठरला होता. सूट होती ती सरकारी सैनिकांना. बंदी उठली १७८२ मध्ये. घरी गुन्हा ठरलेले वस्त्र पलटणीच्या अंगावर मात्र राजमान्य होते!

किल्टला सुमारे आठ वार लोकरी कापड लागते, आणि ते जड हवे. हलक्या कापडाची चुणी टिकत नाही. चुण्यांच्या रीती दोन. पलटणी रीतीत प्रत्येक चुणीवर एकच रेघ येते. दुसरीत चुण्या घालूनही चौकडी मागून अखंड दिसते. इतिहासाच्या दृष्टीने हा भेद क्षुल्लक नव्हे. तरुणाने कापड मॅकेन्झीचेच ठेवले. चुण्या मात्र पलटणी नकोत, असे शिंप्याला बजावले.