पगाराचा कागद

मध्यमवर्गीय घरांत देवघराहूनही सोवळी अशी एक वस्तु असते. ती म्हणजे यजमानांचा पगार. दुधाचा, वाण्याचा, मोलकरणीचा हिशेब गृहिणीच्या जिभेवर असतो. परंतु हा सारा खर्च ज्यांतून निघतो तो मूळ आंकडा तिनें विचारूं नये, अशी अलिखित रीत अनेक सुशिक्षित घरांतून आम्हीं पाहिली आहे. संसार सुरळीत आहे तोंवर हें अज्ञान बोंचत नाहीं. घटस्फोटाचा दावा उभा राहिला, कीं तोच आंकडा पोटगीचा पाया ठरतो.

आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीला पतीच्या कचेरीनें उत्तर दिलें, "ही माहिती खासगी आहे." मुलांची फी तटलेली; पतीनें दाखविलेली रक्कम लहान, कारण कर्जाचे हप्ते आधींच कापलेले. म्हणून तिला पूर्ण पगारपत्रकच हवें होतें.

कचेरीचें उत्तर अगदींच निराधार नव्हतें. सरकारी नोकराची सेवाविषयक माहिती व्यापक लोकहिताविना देऊं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें 2012 सालीं ठरविलें. 2018 सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें पोटगीच्या वादापुरता हा पडदा बाजूस सारला. तर 2023 सालच्या कायद्यानें माहितीच्या अधिकारांतील खासगीपणाचें कुंपण पुन्हां उंच केलें. खासगी कंपनीपर्यंत तर तो अधिकार थेट पोंचतच नाहीं. तेथें न्यायालयाकडून कागद हजर करण्याचें समन्स काढवावें लागतें. आमच्या विद्यार्थिनीनें शेवटीं तेंच केलें.

सर्वांत सरळ वाट 4 नोव्हेंबर 2020 च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालाची. पोटगीच्या दाव्यांत उभय पक्षांनीं आपलें उत्पन्न, मालमत्ता व देणीं प्रतिज्ञापत्रावर स्वतःच सांगावीं, असें सर्वोच्च न्यायालयानें घालून दिलें. यांतील 'उभय' हा शब्द आम्हांस मोलाचा वाटतो. कमावत्या पत्नीचा पगारही त्याच मेजावर येतो.

शेजाऱ्यानें आमचा पगार विचारूं नये, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या पगारासाठीं पत्नीनें पहाटे डबे भरले, बदलीच्या गांवीं बिऱ्हाडें हलविलीं, प्रसंगीं स्वतःची नोकरी सोडली, त्या पगारापुढें ती तिऱ्हाईत कशी? जी गोष्ट न्यायालयांत शपथेवर सांगावी लागते, ती घरांत शपथेवांचून सांगण्याची रीत आपल्याकडे आहे काय, हें ज्याचें त्यानें पाहावें.