आठ विजयांचा हंगाम

(तृतीय वर्ष, कला)

पराभवाची आठवण जपण्यात आपण मराठी माणसे कुणाच्या मागे नाही. 'भाऊसाहेबांची बखर' ही आपल्या जुन्या गद्यातली एक नावाजलेली बखर, आणि ती आहे पानिपतावरच्या पराभवाची. १७६१ ला अडीचशेहून अधिक वर्षे लोटली, तरी कुणाचा पुरता धुव्वा उडाला की 'त्याचे पानिपत झाले' असे आपण सहज म्हणून जातो. पण पानिपत हा मोठा पराभव होता. तिथे हरण्यालाही एक भव्यता होती. माझ्या मनात आहे तो पराभव अगदी निराळा. आज हरले, परवा हरले, पुढच्या आठवड्यात पुन्हा हरले, अशा जातीचा. त्यात ना रणधुमाळी, ना हौतात्म्य. वर्तमानपत्रातल्या क्रीडा पानावरच्या कोष्टकात एक आकडा वाढतो, एवढेच. अशा पराभवाची बखर कोण लिहिणार?

तरीही मला ती लिहावीशी वाटते, आणि त्याला कारण आहे. मी आपल्या महाविद्यालयाच्या मुलींच्या हॉकी संघाची गोलरक्षक. आमच्या संघाचे नाव तुम्ही सूचनाफलकावर वाचले नसेल, कारण गेली दोन वर्षे आम्ही पहिल्याच फेरीत हरून परत येतो, आणि हरलेल्यांची नावे फलकावर लावण्याची पद्धत नाही. आमची आत्या मला एकदा म्हणाली, "दर वेळी हरूनच येतेस, मग पहाटे पाचला उठून जातेस तरी कशाला गं?" तिने ते मायेनेच विचारले होते. पण उत्तर मला सुचले नाही. ते शोधताना मला भेटला एक दूरदेशीचा संघ, आणि तोही आपल्या मैदानावरच्या हॉकीचा नव्हे, बर्फावरच्या हॉकीचा. अमेरिकेच्या राजधानीचा 'वॉशिंग्टन कॅपिटल्स', हंगाम १९७४-७५.

बर्फावरची हॉकी आपल्याकडे फारशी कुणी पाहिलेली नसते, म्हणून दोन शब्द सांगते. एका बाजूला सहा खेळाडू, त्यांतला एक गोलरक्षक. पायांत स्केट्स, हातात काठी, आणि चेंडूऐवजी कडक रबराची काळी चकती. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. खेळ इतका दमवणारा की इतर खेळाडू मिनिटभरात बाहेर येतात आणि त्यांच्या जागी दुसरे उतरतात. गोलरक्षक मात्र साठही मिनिटे तिथेच उभा. आमचे गोलजाळे बारा फूट रुंद आणि सात फूट उंच. त्यांचे सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. हे वाचून मला प्रथम त्यांचा हेवा वाटला. पण ताशी शंभर मैलांच्या आसपास वेगाने येणारी ती चकती डोळ्यांसमोर आणली आणि हेवा मावळला.

या खेळाची सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा म्हणजे 'नॅशनल हॉकी लीग'. १९६६-६७ पर्यंत तिच्यात अवघे सहा संघ होते. पुढे संघांची संख्या भराभर वाढत गेली आणि १९७४ साली वॉशिंग्टन व कॅन्सस सिटी हे दोन नवे संघ आल्यावर ती अठरा झाली. त्यातच १९७२ साली 'वर्ल्ड हॉकी असोसिएशन' नावाची प्रतिस्पर्धी स्पर्धा सुरू झाली होती, आणि तिनेही चांगले खेळाडू ओढून नेले होते. म्हणजे पंगती वाढल्या आणि अन्न तेवढेच राहिले.

एब पोलिन या मालकाने वॉशिंग्टनच्या संघासाठी साठ लाख डॉलर प्रवेशशुल्क मोजले. त्याच्या बदल्यात त्यांना काय मिळाले? जुन्या संघांनी आपापले बिनीचे खेळाडू आधीच राखून ठेवायचे आणि उरलेल्यांतून नव्या संघांनी निवड करायची, असा नियम होता. परिणामी कुणी उतारवयाचा, कुणी पुरता न शिकलेला, कुणी इतरांना नकोसा झालेला, अशांची मोट बांधून संघ उभा राहिला. संघाचा कर्णधार डग मोन्स चाळिशीचा होता. व्यवस्थापक होते मिल्ट श्मिट. बोस्टनकडून खेळताना त्यांनी दोनदा स्टॅन्ली करंडक जिंकला होता आणि पुढे बोस्टनचे व्यवस्थापक म्हणूनही तो पाहिला होता. अनुभवाची वाण नव्हती. वाण होती ती माणसांची.

९ ऑक्टोबर १९७४ रोजी न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध पहिला सामना झाला. ३-६ असा पराभव. घरच्या मैदानावरचा पहिला सामना बरोबरीत सुटला आणि १७ ऑक्टोबरला शिकागोवर ४-३ असा पहिला विजय मिळाला. लोकांना वाटले असेल, सुरुवात काही वाईट नाही. पण त्यानंतर जी उतरंड लागली ती थांबेना. एका हंगामात तीन प्रशिक्षक झाले. जिम अँडरसन यांच्या काळात चोपन्न सामन्यांत चार विजय मिळाले. त्यांच्या जागी रेड सलिव्हन आले, तेही गेले, आणि शेवटचे आठ सामने राहिले तेव्हा श्मिट यांनी स्वतःच ती जागा सांभाळली. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर ओळीने सतरा सामने गेले. हंगाम संपला तेव्हा हिशेब असा होता : सामने ८०, विजय ८, पराभव ६७, बरोबरी ५. केलेले गोल १८१, झालेले गोल ४४६. १६० पैकी गुण मिळाले २१. एवढ्या लांबीच्या हंगामात इतके कमी विजय त्या स्पर्धेत आजवर दुसऱ्या कुठल्याही संघाच्या वाट्याला आलेले नाहीत.

४४६ हा आकडा मी वाचला आणि थांबले. दर सामन्यात साडेपाचहून अधिक गोल! इतरांना तो संघाचा आकडा वाटेल, पण गोलरक्षकाला तो तसा वाटत नाही. प्रत्येक गोलानंतर वाकून जाळ्यातून चेंडू काढावा लागतो. त्या वेळी समोरचे हसरे चेहरे दिसतात, आपल्यांचे उतरलेले दिसतात, आणि ते सारे आपल्यामुळे झाले असे क्षणभर वाटते. म्हणून त्या संघाचे गोलरक्षक कोण होते ते मी शोधले. मुख्य गोलरक्षक रॉन लो. आठही विजय त्याच्या नावावर आहेत. दुसरा मिशेल बेल्युमर. त्याने पस्तीस सामन्यांत भाग घेतला. त्याच्या नावावर पराभव चोवीस, बरोबरी तीन आणि विजय शून्य.

शून्य! पण गंमत अशी की सरासरी काढली तर बेल्युमरवर झालेले गोल लोवर झालेल्यांपेक्षा किंचित कमीच भरतात. याच बेल्युमरने त्या ऑक्टोबरात शिकागोविरुद्ध एकाच सामन्यात दोन पेनल्टी शॉट अडवले. त्यांतला एक स्टॅन मिकिटासारख्या नामांकित खेळाडूचा होता. समोरून एकटा खेळाडू चकती घेऊन येतो आणि मध्ये फक्त गोलरक्षक उभा असतो. असा प्रसंग एका सामन्यात दोनदा यावा आणि दोन्ही वेळा त्याने तो निभावून न्यावा! तरीही तो सामना वॉशिंग्टन हरले आणि कोष्टकात बेल्युमरच्या नावापुढे आणखी एक पराभव चढला. त्या दोन अडवणुकींसाठी कोष्टकात रकानाच नव्हता.

बचावपटू बिल मिकेलसनची कथाही अशीच. या खेळात एक हिशेब ठेवतात : तुम्ही बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला तर अधिक एक, समोरच्याने केला तर उणे एक. मिकेलसनचा त्या हंगामातला हिशेब उणे ८२ असा आहे, आणि तो त्या स्पर्धेतला आजवरचा सर्वांत खालचा आकडा आहे. पण जरा विचार केला की दिसते, उणे ८२ होण्यासाठी माणूस पुन्हा पुन्हा बर्फावर उतरावा लागतो. जो बाकावर बसून राहिला त्याचा हिशेब शून्याजवळ, स्वच्छ राहतो. याच मिकेलसनची मुलगी मेगन हीदेखील बचावपटू झाली आणि कॅनडाच्या महिला संघातून तिने २०१० आणि २०१४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. बापाच्या नावापुढचा तो आकडा तिला त्या खेळापासून दूर ठेवू शकला नाही, याचे मला फार कौतुक वाटते.

आता परगावच्या सामन्यांविषयी. परगावी त्यांनी चाळीस सामने खेळले आणि त्यांतले पहिले सदतीस ओळीने हरले. विमानाने जायचे, हरायचे, परत यायचे. २८ मार्च १९७५ रोजी ओकलंड येथे कॅलिफोर्निया गोल्डन सील्सविरुद्ध अडतिसावा सामना होता. तो त्यांनी ५-३ असा जिंकला. तेव्हा या खेळाडूंनी काय केले असेल? त्यांनी कचऱ्याचा एक डबा उचलला आणि स्टॅन्ली करंडक मिरवावा तसा तो मिरवला!

या प्रसंगाला लोक आजही हसतात. मलाही हसू आले. पण त्या हसण्यात कीव नव्हती. आपली अवस्था काय आहे हे त्या माणसांना पक्के ठाऊक होते. आपण जगज्जेते झालो असा भ्रम त्यांना झाला नव्हता. स्वतःची थट्टा करीत करीत त्यांनी आनंद केला, आणि तो आनंद खोटा नव्हता. सदतीस पराभव पचवून आलेल्या माणसाला एका विजयाची जी चव कळते ती नेहमी जिंकणाऱ्याला कळत असेल का, अशी मला शंका येते.

आता कोणी म्हणेल, अपयश ही यशाची पहिली पायरी असते हेच शेवटी खरे. पुरावाही हाताशी आहे. याच वॉशिंग्टनच्या संघाने जून २०१८ मध्ये ओव्हेच्किनच्या नेतृत्वाखाली खराखुरा स्टॅन्ली करंडक जिंकला. अंतिम फेरीत समोर होता व्हेगास गोल्डन नाइट्स, म्हणजे पहिल्याच हंगामात तिथवर पोचलेला नवा संघ. पण हे सुभाषित मला इथे पटत नाही. मधे त्रेचाळीस वर्षे गेली. लो, बेल्युमर, मिकेलसन यांच्यापैकी कोणी त्या दिवशी बर्फावर नव्हते. पायरी एकाची आणि गाभारा दुसऱ्याचा, हा कसला न्याय? शिवाय व्हेगासने पन्नास कोटी डॉलर मोजले होते आणि त्यांच्या वेळी नव्या संघाला खेळाडू निवडायला कितीतरी अधिक वाव देणारे नियम होते. १९७४ च्या माणसांना तसे नियम मिळाले असते तर कदाचित ही बखर लिहावीच लागली नसती. आपण ज्याला कुवत म्हणतो, तिच्यात नियमांचा वाटा किती असतो, हेही या हंगामाने मला शिकवले. वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांविषयी बोलतानाही ते आठवले तर बरे.

त्याच काळातला दुसरा एक हंगाम याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. १९७६-७७ मध्ये माँट्रियल कॅनेडियन्स या संघाने ऐंशीपैकी साठ सामने जिंकले, बारा बरोबरीत सोडवले आणि हरले फक्त आठ. स्कॉटी बोमनसारखा प्रशिक्षक, केन ड्रायडनसारखा कायद्याची पदवी घेतलेला गोलरक्षक, आणि शेवटी स्टॅन्ली करंडक. एकाचे आठ विजय, दुसऱ्याचे आठ पराभव! माँट्रियलच्या त्या हंगामाचे गुणगान करणारे पुष्कळ आहेत आणि ते योग्यच आहे. पण माँट्रियलच्या खेळाडूला पुढच्या सामन्याला जाताना जिंकण्याची आशा सोबतीला होती. वॉशिंग्टनच्या खेळाडूला तीही नव्हती. तरी तो स्केट्स बांधून वेळेवर उतरला. करारपत्रावर सही होती, पगार मिळत होता, हे खरे. पण पगारापुरते उभे राहणारा गोलरक्षक दोन पेनल्टी शॉट अडवीत नाही.

आत्याच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले असे म्हणवत नाही. एवढे मात्र कळले की 'कशाला?' या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी निकालातच शोधायला हवे असे नाही. पुष्कळ कामे अशी असतात की ती नीट करण्यासाठी ती नीट करायची असतात. मग त्यांची नोंद कुठल्या रकान्यात होते, होते की नाही, हे पाहणे आपल्या हाती नसते.

त्या हंगामाचा शेवटचा सामना ६ एप्रिल १९७५ रोजी पिट्सबर्गविरुद्ध झाला. वॉशिंग्टनचे तळाचे स्थान केव्हाच पक्के झाले होते. जिंकून काही मिळायचे नव्हते आणि हरून काही जायचे नव्हते. त्या संध्याकाळी स्टॅन गिल्बर्टसनने एकट्याने चार गोल केले आणि वॉशिंग्टनने तो सामना ८-४ असा जिंकला.